फक्कीचं घर

१९ मे, रविवार

गवंडी सकाळीच हजर झाला. खुंट्या, दोरी आणि खांद्यावर पांढऱ्या फक्कीची गोणी. त्याचा एक ठरलेला विनोद आहे, यंदाही केलाच. "बाई, या घराला विटांपेक्षा फक्कीच जास्त लागणार." मी म्हटलं, "तू आखायचं बघ. तोंड चालवायला मी आहे."

घरामागे, ओढ्याच्या बाजूला, गुंड्याचं घर आखलेलं आहे. ह्यांनी जागा घेतली तेव्हाच ठरलं होतं की पोरगा परत आला की इथे बांधायचं. पावसात रेघा जातात, म्हणून दर वर्षी नव्यानं मारून घेते. लोकांना हे वेड वाटतं. वाटू दे. लोक भिंती रंगवून घेतात, मी भिंतीच आखून घेते.

पुढे दार, मग बैठकीची खोली, उजवीकडे झोपायच्या खोल्या, आणि मागे ओढ्याकडे खिडकी असलेलं स्वयंपाकघर. गवंडी गेल्यावर सगळीकडे फिरून आले. परत निघताना विचारांच्या नादात होते, तर वरच्या गॅलरीतून धाकटी ओरडली, "ताई, भिंतीतून बाहेर आलीस बघ!" धाकटी म्हणजे माझी जाऊ. ती वरच्या मजल्यावर, मी खाली. दोघींचे नवरे गेले, आता दोघींत मिळून एक विहीर आणि एक चहाचं पातेलं उरलंय. मी मुकाट्यानं मागे फिरले आणि दारातून बाहेर आले.

दुपारी गुंड्याचा फोन आला, रविवारी येतो तसा. आखणी झाली म्हणून सांगितलं. "हो का? छान," म्हणाला, आणि लगेच माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मध्ये मध्ये आवाज थांबत होता. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, अख्खी गल्ली मला अजून हॅलोबाई म्हणते, लाईन कुठे अडखळते ते मला दुसऱ्यानं सांगायला नको. एवढ्या लांबून आवाज यायचा म्हणजे वेळ लागणारच.

९ जून

भूगोलबाई आल्या होत्या. शाळेत भूगोल शिकवायच्या, निवृत्त झाल्यापासून ओढ्याच्या मागे लागल्यात. त्यांनी गल्लीतली माणसं जमवून ओढा मंडळ काढलंय. दर रविवारी विहिरी मोजतात. फितीच्या टोकाला वजन बांधून खाली सोडायचं, टप्प आवाज आला की फीत वाचायची. त्यांचं म्हणणं असं की चढावर नवी घरं झाली, प्रत्येकानं अंगणभर फरशी घातली, आता पाणी जमिनीत शिरायला वाटच नाही. पडतं आणि रस्त्यानं पळून जातं. म्हणून विहिरी खोल चालल्यात आणि पाऊस थांबला की ओढाही लगेच आटतो. आता मंडळी भर पावसात छत्र्या घेऊन फिरणार, कुठलं पाणी कुठे जातं ते बघायला. "तुम्हीही या हो, हॅलोबाई."

त्या गेल्यावर धाकटी म्हणाली, "ही उगाच नाही आली. कुठंतरी पाणी मुरतंय." मी म्हटलं, "मुरत नाही हीच तर बाईची तक्रार आहे."

जायचं ठरवलंय. मंडळबिंडळ मला आवडत नाही, पण ओढ्यासाठी जायचं. पूर्वी तो उन्हाळाभर वाहायचा. मी मागच्या दारात उभी राहून गुंड्याला हाका मारायचे आणि तो पाण्यातूनच ओरडायचा, "आलो, आलो!" यायचा मात्र नाही. शेवटी चपला काढून मलाच पाण्यात शिरावं लागायचं. पाण्याचा आवाज आणि त्याचा आवाज माझ्या कानात एकत्रच बसलेत. आता थंडीच्या दिवसांत मागचं दार उघडलं तर काहीसुद्धा ऐकू येत नाही. फार चुकल्यासारखं होतं.

१६ जून, रविवार

हे असं होणार माहीत असतं तर घरात बसले असते.

पाऊस चांगला झोडपत होता. सात-आठ छत्र्या चढावरून खाली निघाल्या. भूगोलबाई पुढे, पाण्याच्या मागे मागे, हरवलेलं पोर सापडल्यासारख्या. फरशीवरून रस्त्यावर, रस्त्यावरून उतारानं, आणि तिथून सगळं पाणी वळलं ते थेट माझ्या जागेत. गुंड्याच्या घराच्या दारातून आत शिरलं, बैठकीच्या खोलीतून सरळ मागे गेलं आणि स्वयंपाकघरात नाहीसं झालं. साचलं नाही, वाहिलं नाही. जमिनीनं ओढून घेतलं.

भूगोलबाई चिखलात गुडघे टेकून बसल्या. वरची माती हातानं बाजूला केली तर खाली सगळी जाड वाळू आणि गोटे. "अहो हॅलोबाई, तुमची जागा पाणी पितेय! आपल्या विहिरींना, ओढ्याला, सगळ्यांना इथूनच मिळतंय. ही जागा मोकळी राहिली पाहिजे. इथे उथळ तळं खणलं ना, तर ओढा पुन्हा उन्हाळ्यापर्यंत टिकेल."

मी म्हटलं, "इथे माझ्या मुलाचं घर आहे."

त्यांनी मान वर करून इकडे तिकडे पाहिलं. खरंच पाहिलं, थट्टेनं नाही. "कुठे?"

एक रेघ शिल्लक नव्हती. मी छत्री मिटली आणि भिजत घरी आले. अशी चीड आली होती की चहासुद्धा गोड लागला नाही.

२० जून

पावसानं उघडीप दिली तेवढ्यात गवंड्याला बोलावून पुन्हा आखून घेतलं. आणि जागेच्या वरच्या कडेला पोत्यांत माती भरून बांध घातला, म्हणजे पाणी आत न येता रस्त्यानंच खाली जाईल. रेघा टिकाव्यात म्हणून. दुसरं काही मनात नाही.

गवंडी या खेपेला हसला नाही. "बाई, बघा हं," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, बघितलंय.

७ जुलै, रविवार

दोन आठवडे धो धो पाऊस आणि गुंड्याचं घर जसंच्या तसं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा रेघा टिकल्या. सकाळी दारातून आत गेले आणि स्वयंपाकघरात, खिडकी येणार तिथे, स्टूल टाकून बसले. त्याची बायको इथे उभी राहील, माझी नात चिमणी इथे बसून गृहपाठ करील. उठावंसंच वाटेना.

गुंड्याला फोनवर सांगितलं. "आई, तू पावसात नको जात जाऊस गं," म्हणाला. काळजी करतो.

मंडळानं विहिरी मोजल्या. एवढा पाऊस होऊन पाणी वर आलेलं नाही. भूगोलबाईंनी आमच्या विहिरीत तीन वेळा फीत सोडली, आणि तिन्ही वेळा फितीकडे अशा पाहत राहिल्या की जणू तीच खोटं बोलतेय.

२१ जुलै, रविवार

शाळेच्या वर्गात मंडळाची बैठक. मोठी माणसं लहान बाकांवर, गुडघे हनुवटीला टेकलेले. पाणी का चढत नाही यावर खल. कोणीतरी म्हणालं, बेकरीवाल्यानं नवी मोटर बसवलीय, तोच उपसत असणार. मग सगळ्यांच्या तोंडी तेच. बेकरीवाला तापट माणूस, उठून उभा राहिला. "मग पीठ काय थुंकीनं मळू? तुमच्याच पोरांना पाव घालतो ना?" आणि तरातरा निघून गेला. जाताना दार असं आपटलं की फळ्यावरचा खडू खाली पडला.

भूगोलबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हॅलोबाई, तुम्हाला काय वाटतं?"

"मला त्यातलं काय कळतं?" म्हटलं.

गुंड्याचा फोन. नवा मोठा सोफा घेतलाय, सूनबाई पडदे शिवून घेतेय. आणि चिमणीनं अंगणात फळझाड लावलंय, फळं धरायला बरीच वर्षं लागतात म्हणे. भाड्याच्या घरात फळझाड! आपण पाणी घालायचं आणि फळं पुढच्या बिऱ्हाडानं खायची. बोलणार होते, पण त्याचा आवाज आधीच थकलेला होता. म्हटलं, जाऊ दे. या मुलांना व्यवहार म्हणून कळत नाही.

४ ऑगस्ट, रविवार

आठवडाभर ऊन. आज आमची मोटर घर्र घर्र करून हवाच ओढायला लागली. ऐन पावसाळ्यात विहिरीचा तळ दिसतोय.

धाकटी खाली आली, चहा घेतला, कप धुऊन पालथा घातला आणि म्हणाली, "ताई, तो बांध काढ."

"कसला बांध?"

"मला वरून सगळं दिसतं. त्या बेकरीवाल्याला गल्लीत तोंड दाखवायची चोरी झालीय, आणि तू रेघांवर पहारा देतेयस."

"माझ्या मुलाच्या घराच्या रेघा आहेत त्या."

"गुंड्याला कधी विचारलंयस, तू येणार आहेस का म्हणून?"

"त्यात विचारायचं काय?"

"विचार."

मी म्हटलं, तुला मूल नाही, तुला कळायचं नाही. बोलू नये ते बोलून गेले. ती वर गेली. आज पातेल्यात चहा फक्त एक कप ठेवला.

९ ऑगस्ट

बेकरीत गेले होते. बेकरीवाल्यानं मोटर काढून टाकलीय. खालच्या वस्तीतून पाण्याचे कॅन भरून स्वतः खांद्यावर आणतो. एरवी माझ्याशी चार गोष्टी बोलतो, आज पाव कागदात गुंडाळून पुढे सरकवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. सगळ्यांशीच असं वागतोय. तो पाव तसाच ठेवून दिलाय.

११ ऑगस्ट, रविवार

दुपारी आभाळ भरून आलं. फोनची वाट बघत बसले होते, ती उठले. फावडं घेतलं आणि जागेच्या वरच्या कडेला गेले. पोती भिजून दगड झाली होती, हलता हलेनात. पाऊस सुरू झाला. मागून कोणीतरी छत्री धरली. धाकटी. थोडा वेळ तशीच धरून उभी राहिली, मग म्हणाली, "तुझ्यानं काही व्हायचं नाही," छत्री टाकून दिली आणि दुसरं फावडं आणलं. आम्ही दोघींनी मिळून ती पोती ओढली. माझा गुडघा, तिची कंबर. वरून बघणाऱ्याला करमणूक झाली असती.

बांध फुटला आणि पाणी आत शिरलं. आधी दार गेलं. मग बैठकीची खोली. स्वयंपाकघराची रेघ बराच वेळ दिसत होती, खिडकीपाशी, मग तीही पांढरट पाण्यात मिसळली. मला रडू आलं. लहान मुलासारखं, आवाज काढून. धाकटीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी म्हटलं, "परवा बोलले ते..." ती म्हणाली, "पाऊस लागतोय, आत चल."

आत आले तेव्हा फोन वाजून थांबला होता.

१८ ऑगस्ट, रविवार

बैठकीत उभी राहिले आणि सांगितलं. बांध मी घातला होता, माझ्याच जागेत, आणि बेकरीवाल्याचा यात काही दोष नाही. कालच त्याच्या घरी जाऊन त्याला यायची विनंती केली होती, म्हणून तोही आला होता, मागच्या बाकावर. मग त्याचाच आवाज आला. "हॅलोबाई, माझे खांदे सोलवटलेत हो तुमच्यापायी." मी म्हटलं, "मला काय बोलायचं ते बोला." तर म्हणाला, "बोलायचं होतं. पण तुम्ही असं उभ्या राहून सगळ्यांसमोर सांगितल्यावर काय बोलू, डोंबल?" कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. मला हसू आलं नाही.

विहिरीत पाणी चढलंय. एका आठवड्यात. भूगोलबाईंनी तळ्याचा विषय काढला नाही, हे त्यांचं मोठेपण. पण त्यांच्या डोळ्यांत तो होता. बांध काढला म्हणून भागत नाही, वाहून आलेला गाळ बसला की वाळूची तोंडं बुजतात, म्हणून तळं खणून ते दर वर्षी साफ ठेवायला हवं. हे त्या दुसऱ्याच कोणाला तरी, मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होत्या. आणि तळं झालं की तिथे घर होणार नाही. कधीच नाही. हे मला कोणी सांगायला नको.

२५ ऑगस्ट, रविवार

गुंड्याला विचारायचं होतं. सकाळपासून वाक्यं जुळवत बसले होते. फोन आला, तर तोच आधी म्हणाला, "आई, तुझ्याशी जरा बोलायचंय. बरेच दिवस म्हणतोय मी..." आणि थांबला.

नोकरीत मी माणसांच्या थांबण्याचे शंभर प्रकार ऐकले. कोणी नंबर शोधत थांबतं, कोणी रडू आवरत. त्याच्यामागे त्यांच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, भांड्यांचा आवाज येत होता, सूनबाई हळूच "सांग ना" म्हणाली तेही आलं. लाईन खणखणीत होती. लाईन आजवर कधीच खराब नव्हती.

"आधी माझं ऐक," मी म्हटलं. "माझ्या हातून एक गोष्ट झालीय, रागावू नकोस. मागची जागा मी ओढ्यासाठी देऊन टाकली. तिथे तळं खणणार आहेत. आता तिथे घर व्हायचं नाही. तुला न विचारता शब्द देऊन बसले."

शब्द दिला नव्हता. त्या क्षणापर्यंत कोणालाच काही दिलं नव्हतं.

मग "आई," म्हणाला आणि रडायलाच लागला. एवढा मोठा बाप्या. मी म्हटलं, "अरे, चुकलं माझं, तुझं घर होतं ते." "नाही गं, तुझं नाही चुकलं, तुझं काहीच..." "बरं, तू काय सांगणार होतास?" "काही नाही. राहू दे."

राहू दे म्हटलं.

तो काय सांगणार होता ते मला माहीत आहे. सोफा, पडदे, फळझाड. न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? पण त्यानं ते तोंडानं सांगितलं असतं, तर पुढे दर रविवारी फोन उचलताना त्याला अपराध्यासारखं वाटलं असतं. मग फोन दोन रविवारांनी आला असता, मग महिन्यानं. आता दोष माझा आहे. मला माफ करून तो मोकळेपणानं फोन करू शकेल.

तो यावा असं मला वाटतं. आजही वाटतं, या घटकेला वाटतं. बोलायची सोय नाही म्हणून इथे लिहिते.

८ सप्टेंबर, रविवार

खणायला सुरुवात. अर्धी गल्ली आली होती, बेकरीवाला सगळ्यांत पुढे. गवंड्यानं विचारलं, "बाई, कुठून सुरू करू?" मी म्हटलं, "तूच ठरव." तो जरा घुटमळला. इतकी वर्षं आखलेल्या खोल्या त्याच्याही पायांना पाठ होत्या. मग झोपायच्या खोल्यांपासून सुरू केलं.

दुपारी चहा घेताना धाकटी म्हणाली, "ताई, गुंड्यानं तिकडे घर घेतलंय. उन्हाळ्यातच घेतलंय. आईला कसं सांगू, म्हणून मला विचारत होता."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"जी बाई फक्कीच्या भिंतीतून चालत नाही, तिला मी काय सांगणार?"

तिच्यावर रागवायचं होतं. तिनंच माझ्या कपात उरलेला चहा ओतला.

८ डिसेंबर, रविवार

ओढा वाहतोय. फार नाही, घोट्याएवढाच, पण एव्हाना दर वर्षी कोरडी वाळू असते आणि यंदा पाणी आहे. भूगोलबाई म्हणतात, एका वर्षावरून काही ठरत नाही, यंदा पाऊसही उशिरापर्यंत होता, चढावरच्या फरशा अजून उखडायच्या आहेत. त्या बाईला कशाचा आनंद होताना मी पाहिलेलं नाही. पण आज चपला काढून पाण्यात उभ्या होत्या, ते मी खिडकीतून पाहिलं.

फोन आला तशी मोबाईल घेऊन मागच्या दारातून उतरले. धाकटीनं कोपराला धरलं होतं. काठावर बसले आणि गुंड्याला म्हटलं, "बोलू नकोस, नुसतं ऐक." फोन पाण्याजवळ धरला, दगडांमध्ये जिथे आवाज होतो तिथे.

तो ऐकत राहिला. श्वास तेवढा कळत होता. मग मागून चिमणी काहीतरी म्हणाली, त्यांच्याकडच्या भाषेत. तिला आपलं बोलणं अजून येत नाही.

"आई, ती विचारतेय, हे पाणी येतं कुठून?"

मी म्हटलं, "तिला सांग, तुझ्या बाबाच्या जागेतून येतं."

मी घाई केली नाही. मग त्यानं तिला सांगायला सुरुवात केली. एका वाक्याचं उत्तर होतं, पण तो सांगतच राहिला. मला त्यातला शब्द कळत नव्हता. मध्ये एकदा त्याचा आवाज भरून आला, मध्ये एकदा ती खळखळून हसली, तिनं काही विचारलं, त्यानं पुन्हा सांगायला घेतलं.

धाकटी म्हणाली, "ताई, हात भरून येईल, आण इकडे, मी धरते."

मी दिला नाही.